भिंगारचा दगड कोण शिकवणार?

बारावीनंतर पुढे काय, हे विचारायला पालक येतात तेव्हा त्यांची यादी ठरलेली असते. डीएड, फार्मसी, आयटीआय, नाही तर कॉमर्स. भूविज्ञानाचं नाव आजवर एकाही घरातून ऐकलं नाही. उर्दूत त्याला अर्ज़ियात म्हणतात, हेही मुलांना सांगावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाचा भौतिक भूविज्ञानाचा प्राथमिक कोर्स आपल्याकडच्या कॉलेजांत बीए-बीकॉमच्या मुलांनाही घेता यावा आणि तो मराठीतून शिकवला जावा. नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या शाखेचा विषय ऐच्छिक म्हणून घेता येतो, मग अडचण कसली? नुसत्या या कोर्सवर नोकरी लागणार नाही, हे आधीच सांगतो.

पण पाणी कळेल. आपण बेसाल्टवर राहतो. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला आणि त्याचे थरावर थर बसले. डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते त्यामुळेच. दख्खन ट्रॅपमधला ‘ट्रॅप’ हा शब्दही स्वीडिश भाषेतल्या ‘पायरी’वरून आलेला आहे. भाषेच्या मास्तराला अशा गोष्टी भावतात, त्याला इलाज नाही! या घट्ट काळ्या पाषाणात पाणी साठत नाही. ते साठतं भेगांत, झिजलेल्या थरात आणि दोन थरांच्या मधल्या जागेत. म्हणून एका बोअरला पाणी लागतं आणि पन्नास फुटांवरचं कोरडं जातं. लोक मात्र तळहातावर नारळ उभा राहतो का ते पाहून कर्ज काढतात. विहिरी खोदणाऱ्यांना मुरूम, मांजऱ्या आणि पाषाण यांतला फरक नीट कळतो. त्यांचे हे शब्द पाठ्यपुस्तकात आले तर निम्मा विषय मुलांना ओळखीचा वाटेल.

आपल्या जलशांत अल-बैरुनीचं नाव मोठ्या अभिमानाने घेतलं जातं. त्याने केलं काय, हे मात्र कुणी सांगत नाही. 11व्या शतकात त्याने उत्तर हिंदुस्थानातल्या नद्यांचे गोटे पाहिले. डोंगराजवळ ते मोठे असतात, दूर जावं तसे लहान होतात आणि पाणी मंदावतं तिथे वाळू उरते. त्यावरून त्याने ताडलं की हे मैदान एके काळी समुद्र होतं आणि नद्यांच्या गाळाने भरत गेलं. त्याच्या हातात यंत्र नव्हतं, त्याने फक्त नीट पाहिलं. आपण त्याचं नाव मिरवतो आणि शाह डोंगरावर मुलांना नेतो ते फोटो काढायला. तिथल्या सलाबतखानाच्या मकबऱ्याला सगळे चांदबीबीचा महालच म्हणतात, ते वेगळंच.

खरी अडचण मुलींची आहे. या विषयात रानात हिंडावं लागतं आणि घरून परवानगी मिळत नाही. तेव्हा सुरुवात जवळून करावी. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी बेसाल्ट कोरून ते झालेले आहेत. कोर्सचा नदीचा अख्खा धडा तिथे उघड्यावर पडलेला आहे. सोबत एक शिक्षिका असावी आणि दोन-तीन अम्मींनाही बोलवावं. पावसाळ्यात पात्राला पाणी असतं, म्हणून दिवाळीनंतर जावं.