पॅनेलची पाटी उतरवताना

गेल्या महिन्यात अमेरिकेतून पुतणीचा फोन आला. न्यू जर्सीत तिचा स्वतःचा दंतवैद्यकीय दवाखाना आहे. दोन विमा कंपन्यांच्या जाळ्यातून बाहेर पडावे की काय, या विचाराने ती अस्वस्थ होती. "काका, तुम्ही एकदा पॅनेल सोडलं होतं ना? मग पेशंट राहिले का?" एवढाच तिचा प्रश्न. "निम्मे राहिले, आणि दवाखाना चालू राहिला," असे मी सांगितले. उत्तर खोटे नव्हते, परंतु अपुरे होते. वाचकहो, त्यातले जे सांगायचे राहिले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

दातांचा विमा ही कल्पना आपल्याकडे अजून परकीच आहे. १९८६ साली मेडिक्लेम आला, तेव्हापासून आपल्या आरोग्यविम्याचा पाया रुग्णालयात दाखल होणे हाच राहिला. दात अपघातात मोडला आणि त्यासाठी खाटेवर पडावे लागले, तरच बहुतेक पॉलिसी त्याची दखल घेतात. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार आणि ९७१ प्रक्रियांची यादी. पुढे या योजनेला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. त्या यादीत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया होत्या. किडलेली दाढ नव्हती. ज्या किनाऱ्यावर आजही मिश्री लावल्याशिवाय कित्येक घरांतील स्त्रियांचा दिवस उजाडत नाही, तेथे तोंडाच्या आजाराला विम्याचे दार उघडते ते अगदी शेवटच्या पायरीवर. आम्ही दंतवैद्य त्याच्या कितीतरी अलीकडच्या पायरीवर उभे असतो.

अमेरिकेत हा प्रवास निराळ्या वाटेने झाला. १९५४ च्या सुमारास तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांच्या संघटनेने आपल्या मुलांच्या दातांसाठी तरतूद करून घेतली, आणि तिच्या निमित्ताने वॉशिंग्टन, ओरेगॉन व कॅलिफोर्निया या राज्यांत दंतसेवेच्या संस्था उभ्या राहिल्या. आजचा तेथील दंतविमा हा त्याच रोपट्याचा विस्तार. गंमत अशी, की कित्येक योजनांची वार्षिक मर्यादा दशकानुदशके हजार-दीड हजार डॉलरच्या आसपासच घोटाळत राहिली. जाळ्यात शिरणारा डॉक्टर आपल्या नेहमीच्या दरापेक्षा कमी दर मान्य करतो. मोबदल्यात कंपनी त्याच्याकडे रुग्ण पाठवते. पुतणीचे म्हणणे असे, की मदतनिसांचे पगार वाढले, प्रयोगशाळेचे दर वाढले, जागेचे भाडे वाढले. कंपनीचा दर मात्र जागचा हलत नाही.

हे ऐकताना मला माझे जुने दिवस आठवले. अलिबागेत दवाखाना थाटल्यावर काही वर्षांनी एका मोठ्या आस्थापनाच्या पॅनेलवर माझे नाव लागले. दारावर त्याची पाटी लावली तेव्हा वडिलांना माझ्या पदवीदान समारंभापेक्षा अधिक आनंद झाला होता. वडील पेढीवर बसणारे. बांधलेल्या गिऱ्हाइकाची किंमत त्यांना पुरेपूर ठाऊक. पहिली काही वर्षे पाटीने खरोखर दवाखाना तारला. थळ, नवगाव, चौल, रेवदंडा, अशा सगळ्या बाजूंनी कामगार आणि त्यांची कुटुंबे येत. ओळखपत्र दाखवायचे, सही करायची, खिशाला हात लावायचा नाही.

अडचण दराची होती असे कोणालाही वाटेल, आणि काही अंशी ती होतीच. बिले मध्यस्थ संस्थेकडे जात. तेथे दोन-तीन महिने मुक्काम करत. एखादा क्ष-किरण फोटो अस्पष्ट म्हणून परत येत. आणि शेवटी १० टक्के टीडीएस वजा होऊन रक्कम हाती पडे. उधारी कोणत्या व्यापाऱ्याला चुकली आहे? तेवढ्यावरून मी पॅनेल सोडले नसते.

खरी अडचण दरपत्रकाच्या रचनेत होती. दाढेचा रूट कॅनाल त्यात बसत असे, पण त्यावरची कॅप बसत नसे. दंतवैद्यकाचा प्राथमिक विद्यार्थीही सांगेल, की कीड खोल गेल्यामुळे जिच्या भिंती आधीच पातळ झाल्या आहेत अशी दाढ मुळांचा उपचार झाल्यावर उघडी ठेवली, तर चावण्याच्या दाबाने तिचे टवके उडतात. कधी ती मुळापर्यंत चिरते. मी प्रत्येकाला कॅपचे सांगत असे. "तिचे पैसे कंपनी देते का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. उत्तर ऐकल्यावर बहुतेक जण "बघू पुढे" म्हणून पायऱ्या उतरत. वर्षा-दीड वर्षाने तीच दाढ दुभंगून यायची आणि मग ती काढावी लागायची. काढण्याचे पैसे मात्र मिळत. माझ्याच हातांनी वाचवलेली दाढ माझ्याच हातांनी काढायची आणि दोन्ही वेळा बिल पाठवायचे, असे पुन्हा पुन्हा घडू लागले, तेव्हा रात्री हिशेबाची वही उघडणे मला नकोसे झाले.

मी पाटी उतरवली. दरांचा फलक आतल्या भिंतीवरून काढून बाहेर लावला. रूट कॅनाल आणि कॅप यांचा एकच दर ठेवला, आणि काम सुरू करण्यापूर्वी एकूण खर्च कागदावर लिहून देण्याची शिस्त लावून घेतली. हप्ते मान्य केले. कोळी बांधवांचा हप्ता महिन्याच्या तारखेवर बसत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. तेव्हा "नारळी पुनवेनंतर देतो" हाच आमचा करारनामा, आणि तो मोडल्याचे मला फारसे आठवत नाही. नागावच्या एका आजोबांनी शेवटच्या हप्त्यासोबत पांढऱ्या कांद्याची माळ आणली. आमच्या घरी कांदा वर्ज्य, हे त्यांना कोठून ठाऊक असणार! माळ मी दोन्ही हातांनी घेतली आणि संध्याकाळी ती मदतनीस बाईंच्या घरी गेली.

एवढे सगळे पुतणीला सांगितले. जे सांगितले नाही ते असे.

चौलकडचे एक गृहस्थ वर्षानुवर्षे पॅनेलवर माझ्याकडे येत. पाटी उतरल्यावर ते आले, फलक वाचला, संकोचाने हसले आणि परत गेले. पॅनेलवरचा दुसरा दंतवैद्य त्यांना पनवेलला पडत होता. एका दाढेसाठी दिवसाची रजा कोण टाकणार? दुखले की औषधाच्या दुकानातून गोळी, असे त्यांनी काही महिने काढले. ऐन जुलैत जबड्याखाली सूज आली, तोंड उघडेना, गिळवेना. मांडव्याच्या लाँची पावसाळ्यात बंद. रो-रो तेव्हा सुरू व्हायची होती. वडखळमार्गे खड्ड्यांतून गाडी मुंबईस पोहोचली. बरेच दिवस ते रुग्णालयात होते. ते वाचले. दाखल झाल्यामुळे तो सारा खर्च विम्याने निमूट भरला.

मला हे त्यांच्या पत्नीकडून बाजारात कळले. त्या रागावल्या नव्हत्या. "तुम्ही नाही म्हटलं नसतंत, डॉक्टर; पण यांना उधारी मागायची लाज वाटली," एवढेच म्हणाल्या. हप्त्यांची सोय मी प्रत्येकाला तोंडी सांगत होतो. फलकावर ती लिहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी लिहिली. जुन्या पॅनेलच्या रुग्णांची यादी काढून एकेकाला फोन करायलाही तेव्हाच बसलो. ते काम पाटी उतरवण्यापूर्वी व्हायला हवे होते.

पुतणीची परिस्थिती पुष्कळ निराळी आहे. ती जाळ्याबाहेर पडली, तरी तिच्या बऱ्याच रुग्णांना पावती जोडून थोडीफार रक्कम कंपनीकडून परत मिळू शकेल. माझ्या रुग्णांना पॅनेलबाहेरच्या पावतीवर एक पैसाही मिळत नव्हता. तरीही काल मी तिला पुन्हा फोन केला आणि चौलची हकीकत सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. तिच्या करारात ९० दिवसांच्या पूर्वसूचनेची अट आहे. कंपनीला द्यायचे पत्र तयार आहे, पण ते आता थोडे थांबेल. आधी रुग्णांची यादी काढायला बसते, म्हणाली.