अक्रमाचे सक्रम

येलहंक्यास बदलून आलेले आमचे मराठी अधिकारी कर्नाटकाच्या 'अक्रम-सक्रम' योजनेस हसतात. निवासी बांधकामातील पन्नास टक्क्यांपर्यंतचे उल्लंघन मालकाने आपण होऊन कबूल करावे, दंड भरावा, नियमित व्हावे! सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली तीस स्थगिती दिली. पण हसणाऱ्यांनी आपला 2001 चा गुंठेवारी कायदा आठवावा; त्याची मर्यादा 2021 साली जवळजवळ वीस वर्षे पुढे सरकविली गेली.

यास कबुली म्हणावयास आम्ही तयार नाही. कबूल करणाऱ्याचे काही जावे लागते. येथे चोरून चढविलेला मजला तसाच राहतो, वर सरकारी शिक्काही मिळतो. नियमाप्रमाणे जागा सोडणारा शेजारी मात्र खुळा ठरतो. त्याच्या खिडकीतला गेलेला उजेड कोणत्या दरपत्रकात धरला आहे?