थंडी आली, खिडकी उघडी ठेवा

दिवाळीच्या सुट्ट्या संपत आल्या की हर्सूल तलावावरून येणारा वारा बदलतो. दुपारी ऊन चटका देते, पण मगरिबनंतर गच्चीवर उभे राहवत नाही. जटवाडा रस्त्याच्या आसपासच्या आमच्या वस्तीत मग घरोघरी लोखंडी पेट्या उघडतात. दुलया, गोधड्या, कानटोप्या गच्चीवर येतात आणि सगळ्या गल्लीला डांबराच्या गोळ्यांचा वास सुटतो.

त्या वासाबद्दल आधी एक सांगून टाकते, नाहीतर पुढच्या बोलण्यात राहून जाईल. डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली दुलई किंवा झबले पेटीतून काढून तसेच तान्ह्या बाळाला गुंडाळू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक कमतरता असते. अशा बाळाच्या लाल पेशी त्या गोळ्यांच्या वाफेनेही फुटतात आणि बाळाला जोराची कावीळ होऊ शकते. कपडे धुवा, दोन दिवस कडक उन्हात घाला, मगच वापरा. पुढच्या वर्षी पेटीत गोळ्यांऐवजी कडुलिंबाचा वाळलेला पाला घातला तरी चालेल.

आता मुख्य गोष्ट. थंडीची तयारी म्हणजे आपल्याकडे घर बंद करणे. खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राची घडी, दाराखाली जुने पोते, झरोक्याला प्लास्टिक. मीही वर्षानुवर्षे हेच करत आले. सात वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात माझी नणंद पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे आमच्याकडे आली, त्या हिवाळ्यात मी हे बंद केले.

चिल्ल्याचे दिवस. बाळ अकरा दिवसांचे. सासूबाईंनी, आम्ही त्यांना अम्मीच म्हणतो, रिवाजाप्रमाणे बाजेखाली शेगडी ठेवली होती. लाकडी कोळशाचे निखारे, वर ओवा, शेपा, थोडा ऊद. मायलेकींना शेक झाला, धुरी झाली. एरवी त्या शेगडी बाहेर नेत. त्या रात्री गारठा फार होता. निखाऱ्यांवर राख चढली होती, धूर अजिबात नव्हता. "राहू दे, खोली उबदार राहील," म्हणून शेगडी कोपऱ्यात सरकवली आणि दार लावून तिघी झोपल्या. खिडकीला प्लास्टिक मीच लावले होते, खिळे ठोकून.

फजरच्या वेळी अम्मी रोज मला उठवतात. त्या दिवशी अजान झाली तरी हाक आली नाही. मी दार ढकलले. अम्मी बिछान्यावर बसलेल्या, पण उठता येत नव्हते, डोके धरून म्हणाल्या, "पित्त झालंय गं." नणंदेला उलटी झाली होती. ती म्हणत होती, "भाभी, डोकं फुटतंय." बाळ झोपलेले वाटत होते. उचलले तर मान कलंडली. रडेना, दूध ओढेना.

आम्ही तिघींना ओढूनच अंगणात आणले. गारठ्यात बाळाला उघड्यावर नेऊ नये हे मला कुणी सांगितले असते तर त्या क्षणी मी ऐकले असते का, कुणास ठाऊक. सुदैवाने सांगायला कुणी नव्हते. बाहेरच्या हवेत काही मिनिटांनी बाळाने बारीक कुरकुर केली. दवाखान्यात तिघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच: "खोलीत शेगडी होती का?" अल्हम्दुलिल्लाह, ती मुलगी आता दुसरीत आहे आणि अतिशय भांडखोर आहे.

डॉक्टरांनी जे समजावले ते तेव्हापासून मी भेटेल त्या बाईला सांगते. निखारा धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. म्हणून धूर नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत उलटी आहे. राख चढलेला शांत निखाराही तो सोडतच असतो. आपल्या रक्तातला जो लाल पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू पोहोचत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, हातपाय जड होतात, मग गुंगी येते. झोपेत असलेल्या माणसाला तर यातले काही कळतही नाही. ओळखण्याची एक खूण लक्षात ठेवा: एकाच खोलीतल्या सगळ्यांचे डोके एकदम दुखू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर ते पित्त नाही, सर्दी नाही, हवा आहे. सगळ्यांना आधी उघड्यावर आणा, मग 108 ला फोन करा. बरे वाटले तरी दवाखान्यात दाखवा.

अम्मींना ही गोष्ट पटायला वेळ लागला. "माझी पाच बाळंतपणं शेगडीवर झाली," त्या म्हणत. खरेच होते ते. पण त्यांचे माहेर धाब्याचे. छतात धूर जायला सवणे, लाकडी दाराच्या फटींतून मांजराचे पिल्लू जाईल इतकी जागा. शेगडी तीच राहिली, घर बदलले. आता वर स्लॅब, खिडकीला सरकत्या काचा, डासांची जाळी आणि त्यावर माझ्यासारखी शहाणी सून प्लास्टिक ठोकते. मी हे असे सांगितले तेव्हा त्या गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "मग शेगडी अंगणात पेटव, कपडा तापवून आत आण." तेव्हापासून आमच्याकडे तसेच होते. सुती फडके तापवायचे, आपल्या गालाला लावून बघायचे, मग बाळंतिणीच्या कमरेला शेक. बाळाला उबेसाठी आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून शाल घ्यावी. आईच्या अंगासारखी दुसरी शेगडी नाही. धुरीचा धूर बाळाच्या नाकातोंडात जाऊ देऊ नये आणि दुलई तोंडावर येऊ देऊ नये.

हाच वायू गॅसच्या गीझरमधूनही येतो. बंद न्हाणीघरात गॅस जळत राहिला की तो आतला प्राणवायू खातो आणि पुरेसा प्राणवायू नसला की ज्योत हा वायू सोडू लागते. आंघोळीला गेलेला माणूस आत बेशुद्ध सापडल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचतो आपण. गॅसचा गीझर न्हाणीघरात नकोच; बाहेर उघड्या जागी बसवून पाइपने पाणी आत घ्यावे. बसवलेला असेलच तर बादली भरा, गीझर बंद करा, दार थोडा वेळ उघडे ठेवा, मग आंघोळीला जा. मुलांना न्हाणीघराची आतली कडी लावू देऊ नका.

विजेच्या रॉडची कथा वेगळी, पण घरोघरी तोच आहे म्हणून सांगते. आधी रॉड पाण्यात, मग बटण चालू. आधी बटण बंद, प्लग बाहेर, मगच पाण्याला हात. पाणी तापले का हे बोट बुडवून बघण्याची सवय आपल्या पिढीची आहे, ती मोडा. लोखंडी बादली नको. टीव्हीच्या बारीक एक्स्टेन्शन बोर्डावर रॉड लावू नका, तो मोठ्या प्लगचाच आहे. आणि मीटरजवळ ईएलसीबी बसवून घ्या. गळती होताच वीज तोडणारे ते यंत्र एका स्वेटरच्या किमतीत येत नाही, पण लग्नातल्या एका जोडाच्या किमतीत नक्की येते.

हवेइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे वाट. आपल्या शहरात 3 एप्रिल 2024 ची पहाट कुणी विसरलेले नाही. रमजान होता, चारचा सुमार. छावणीच्या दाणाबाजारात तळमजल्यावरच्या कपडे शिवण्याच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले सात जण गेले. त्यात दोन चिमुकली होती. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचली नव्हती, गुदमरून मृत्यू झाल्याचे दिसते, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले होते. त्याआधी तीनच महिने, 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे, वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्यात आत झोपलेले सहा कामगार आगीत गेले.

खाली शटर, वर घर, मध्ये एकच अरुंद जिना: हर्सूलमध्येही अशी घरे कमी नाहीत. थंडीत त्याच जिन्याखाली गाडी आत घेतली जाते, बॅटरीची असेल तर रात्रभर चार्जिंगला लागते, शेजारी रिकामे खोके आणि भरलेले सिलिंडर. हे एकदा रात्री दिवा घेऊन बघा. गाडी दिवसा, जाग असताना चार्ज करा. जिन्यात सामान ठेवू नका. खिडक्यांना चोराच्या भीतीने आपण पक्क्या जाळ्या बसवतो; त्यातली निदान एक उघडणारी करून घ्या. तिला कुलूप लावा, पण किल्ली खिडकीजवळच, बाहेरून हात पोहोचणार नाही अशा खिळ्याला. मुलांनाही ती अंधारात चाचपडून सापडली पाहिजे. आम्ही एका रविवारी दिवे घालवून हा खेळच केला. नवऱ्याला किल्ली सापडली नाही, धाकट्याला सापडली.

आणि जिन्यात धूर भरला असेल तर त्यात शिरू नका. खोलीचे दार लावा, दाराच्या फटीत ओले फडके कोंबा, रस्त्याकडची खिडकी उघडून हाका मारा, 101 किंवा 112 ला फोन करा. धूर वर चढतो, म्हणून जमिनीलगत राहा.

मदीनेत एका रात्री एक घर माणसांसह जळाले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आग ही तुमची शत्रू आहे, झोपताना ती विझवत जा, असे सांगितल्याची हदीस बुखारीत आहे. लहानपणी ऐकले तेव्हा वाटे, ही चिमण्या-दिव्यांच्या काळातली गोष्ट. आता झोपताना शेगडी, हीटर, गीझर, गॅसचा रेग्युलेटर आणि चार्जर अशी पाच नावे घेत घरातून फेरी मारते.

पुढची काही वर्षे हे अधिकच लागणार आहे. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो. 2026 चा रमजान फेब्रुवारीत आहे, पुढे तो जानेवारीत येईल आणि 2030 साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरच्या अखेरीस दुसरा सुरू होईल. म्हणजे सहरी ऐन गारठ्यात. साडेचारला बंद स्वयंपाकघर, दोन्ही बर्नर चालू, तिकडे वुजूसाठी पाणी तापतेय, आणि स्वयंपाक करणारी अर्धवट झोपेत. स्वयंपाकघराची खिडकी त्या वेळी उघडी हवी. ओढणी मागे बांधून घ्या. गॅसची नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर छापलेले वर्ष आजच बघा. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. दारे-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर जाऊन 1906 ला फोन लावा.

राहता राहिली सुट्टी. नाताळचे दिवस, लग्नांचा हंगाम, मुलांना नानीच्या घरी जायचे असते. कुलूप, दागिने, शेजारणीला निरोप हे तुम्हाला मी काय सांगणार. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर 'आम्ही चाललो' लिहू नका, एवढेच; फोटो परत आल्यावरही टाकता येतात. पण आपल्या शहरातल्या बायका एक गोष्ट हमखास विसरतात, ती म्हणजे पाणी. नळ काही दिवसांच्या अंतराने येतो, म्हणून ड्रम, हौद, कळश्या, सगळे भरून ठेवण्याची आपली सवय. आठ-दहा दिवस घर बंद आणि ड्रम उघडा म्हणजे डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत पुरेसा वेळ. पाणी ओतून टाकायला जीव होत नसेल तर जुन्या ओढणीने ड्रमचे तोंड घट्ट बांधून जा. फ्रिजच्या मागचा ट्रे आणि कूलरची टाकीही बघा. कूलर उन्हाळ्यात बंद केला तो तसाच असतो.

परवा पेट्या उघडल्या तेव्हा खिडकीला प्लास्टिक मारायचे ते खिळे सापडले. अम्मींनी ते उचलून त्यातला एक जिन्याच्या वरच्या खिडकीशेजारी ठोकायला लावला. जुना वाकला होता, किल्ली त्यावरून पडत होती.