दुखतंय हे सांगायला काय हरकत आहे?



फिजिओथेरपीने मान-पाठ मोकळी होईल म्हणून गेले, तर दुखणं वाढलंच. दुपारी पुण्यात व्यायाम, मग सारोळ्यापर्यंत एसटीचे धक्के. सूर्यास्तानंतर खरी कळ सुरू व्हायची, आणि चौविहार असल्यामुळे गोळी नाही. मी म्हणायचे, असाता वेदनीय कर्माचा उदय आहे, समतेने सहन करायचं. समता कसली! सुनेवर खेकसत होते आणि रात्रभर ‘मलाच का’ चाललेलं. दुखण्याचंच चिंतन करत राहणं हे आर्तध्यान, हे पाठशाळेत आपण सगळ्याच शिकलोय.

माझं मत विचाराल तर, बावीस परीषह साधू-साध्वींसाठी सांगितलेत. पापड लाटून मान आखडलेल्या बाईने आपल्या भिडेला ते मोठं नाव देऊ नये. साध्वीजीसुद्धा आजारपण गुरुणींना सांगतात, औषध घेतात. चौविहाराच्या पच्चक्खाणात जे आगार आहेत, त्यातला शेवटचा समाधीसाठीच आहे: असह्य वेदनेने मन ढळू नये म्हणून. आपण ते रोज म्हणतो, अर्थ कुठे बघतो?

तरी रोज आगाराचा आधार घ्यावा असं मला वाटत नाही. म्हणून मी वेळ सकाळची करून घेतली. दुखणं दिवसा येतं, शेक दिवसा होतो, डॉक्टरांनी दिलेली गोळी जेवणानंतर, सूर्य असतानाच.

तिसऱ्या आठवड्यात शेवटी त्या थेरपिस्ट मुलीला सांगितलं. “काकू, आधी का नाही बोललात?” म्हणाली, आणि दोन व्यायाम बंदच केले. स्नायू एक-दोन दिवस ठणकले तर चालतं. पण कळ हाता-पायात उतरली, मुंग्या आल्या, पकड सैल झाली, तर व्यायाम थांबवून लगेच कळवायचं. लघवीवरचा ताबा गेला तर सकाळची वाटसुद्धा बघायची नाही, तडक दवाखाना. माझ्या उजव्या हाताला आठवडाभर मुंग्या होत्या आणि मी गप्प होते!

सामायिकाची 48 मिनिटं आता खुर्चीवर. खमासमणे सध्या बंद, हात जोडून वंदन. पहिल्या दिवशी उपाश्रयात खुर्ची मागताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी भिंतीला टेकून बसणाऱ्या दोघींनी माझ्याआधीच खुर्च्या घेतलेल्या.