साक्षरतेचे वर्ग मोबाइलवर भरत नाहीत



‘साक्षरता वर्ग आता ऑनलाइनच घ्या’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. कोरोनाकाळात ऑनलाइन शिक्षण सर्वांच्या अंगवळणी पडले, हे पत्रलेखकांचे म्हणणे मला मुळीच पटत नाही.

मी वस्तीत बायकांचा साक्षरता वर्ग घेते. टाळेबंदीत तो बंद पडला. घरात फोन एकच, तोही मुलांच्या तासांना. आईचा नंबर लागणार कधी? आणि लागला तरी पन्नाशीच्या बाईच्या बोटांत पेन्सिल बसवायला तिचा हात धरून ‘ळ’ गिरवून घ्यावा लागतो. पडद्यावरून ते कसे करायचे, हे पत्रलेखकांनीच सांगावे.

केंद्र सरकारचे ‘साक्षर भारत’ हे प्रौढ साक्षरतेचे अभियान मार्च २०१८मध्ये संपले. त्यानंतरचे ‘पढना लिखना अभियान’ ५७ लाख निरक्षरांना साक्षर करण्याचे उद्दिष्ट घेऊन आले ते २०२०-२१साठी, म्हणजे ऐन साथीत. मधल्या काळात विस्कटलेली घडी तेव्हा बसणार कशी?

मे २०२१च्या सुरुवातीला १८ ते ४४ वयोगटाला कोरोनाच्या लशीसाठी ‘कोविन’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी सक्तीची होती. आमच्या वर्गातली धुणीभांडी करणारी एक जण ओटीपीचे आकडे बरोबर वाचायची, पण पुढचे सगळे इंग्रजीत. शेवटी नाक्यावरच्या दुकानदाराला पैसे देऊन तिने नाव नोंदवले. अक्षरओळखीची निकड सर्वांत जास्त होती तेव्हाच आपण वर्गांना कुलूप लावले, याचा मला आजही संताप येतो.

आता प्रौढ साक्षरतेची ‘उल्लास’ योजना स्वयंसेवकांच्या बळावर चालते. ॲपपेक्षा आधी वर्गाला संध्याकाळी जागा द्या आणि शिकवणाऱ्यांना मानधन द्या, अशी माझी मागणी आहे.

– एक वाचक, कल्याण