रोग लपवू नका, रोग्याला वाळीत टाकू नका

गेल्या पंधरवड्यात एका वाचकाचे निनावी पत्र आमच्याकडे आले. तरुण तालुक्याच्या गावचा, शिकलेला, नोकरीला लागलेला. तीन वर्षांपूर्वी त्याच्या जननेंद्रियावर फोड उठले. डॉक्टरांनी हर्पिस असल्याचे सांगितले. औषधाने फोड गेले, पण वर्षातून एक-दोनदा पुन्हा उठतात. आता त्याचा मंगल परिणय ठरला आहे. तो विचारतो, 'मुलीला सांगू की नको? सांगितले तर लग्न मोडेल आणि भावकीत तोंड दाखवता येणार नाही. नाही सांगितले तर हा रोग तिलाही देईन.'

असली पत्रे वर्तमानपत्रात कशाला, असे काही जण म्हणतील. त्यांना आम्ही इतिहासाची आठवण करून देतो. र. धों. कर्वे यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. त्यात ते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे देत. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 साली मुंबईच्या न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. पण आपल्या शरीराविषयी प्रश्न विचारणे म्हणजे विकृती नव्हे, ही बाजू बाबासाहेबांनी भर न्यायालयात घेतली. त्यांचे नाव घेणाऱ्या वर्तमानपत्राने या तरुणाचे पत्र केराच्या टोपलीत टाकावे काय?

आधी रोग समजून घेऊ. हर्पिस म्हटले की आपल्याकडे लोक नागीण समजतात. नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस मरतो, अशी भीती घालून भगत-मांत्रिक पैसे उकळतात. ती अंधश्रद्धा तर आहेच, पण नागीण हा रोगही वेगळा आहे. ती कांजिण्यांच्या विषाणूने होते. जननेंद्रियाच्या हर्पिसचे विषाणू दोन प्रकारचे. त्यातला एक ओठांवर फोड आणणाराच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली जगात 15 ते 49 वयाच्या सुमारे 84 कोटी लोकांना जननेंद्रियाच्या हर्पिसची लागण होती. म्हणजे पाचातल्या एकाहून जास्त! त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला लागण आहे हेच माहीत नसते. मग हा 'वाईट चालीच्या' मूठभर लोकांचा रोग कसा?

हा विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत दडून राहतो. तो शरीरातून कायमचा घालवणारे औषध अजून निघालेले नाही. पण तो आटोक्यात राहतो. फोड असताना, आणि फोड उठण्यापूर्वी जळजळ किंवा मुंग्या सुरू झाल्यापासून, शरीरसंबंध ठेवू नयेत. एरवी निरोध वापरावा. त्याने धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही, कारण निरोधाने न झाकलेल्या कातडीतूनही विषाणू बाहेर पडतो, आणि फोड नसतानाही पडतो. 2004 साली 1484 जोडप्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. लागण झालेल्या जोडीदाराने व्हॅलासायक्लोव्हिरची गोळी रोज घेतली तेव्हा दुसऱ्याला लागण होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. ताट, पेला, संडास यांतून हा रोग पसरत नाही. फोड असताना एचआयव्हीची लागण सहज होऊ शकते, म्हणून ती तपासणीही करून घ्यावी. गरोदर स्त्रीने डॉक्टरांपासून हे लपवू नये. शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदा लागण झाली तर बाळाच्या जिवाला धोका असतो, आणि प्रसूतीच्या वेळी फोड असतील तर डॉक्टर सिझेरियनचा निर्णय घेतात. सरकारी रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये या फोडांवरचे औषध, असायक्लोव्हिर, लाल रंगाच्या पाकिटात मोफत देण्याची योजना आहे. भोंदूच्या तंबूत जाऊन खिसा रिकामा करायचे कारण नाही.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर. मित्रा, सांग! लग्नाआधी सांग, तिला एकटीला आणि स्पष्ट शब्दांत सांग. शक्य असेल तर डॉक्टरांकडे दोघे मिळून जा. धोका कशात आहे हे जिला ठाऊकच नाही तिच्या संमतीला संमती म्हणता येत नाही. लग्नमंडपात तू पंचशील म्हणशील. खोटे न बोलण्याचे चौथे शील उच्चारताना ही गोष्ट पोटात ठेवून तुला तिच्याशेजारी उभे राहता येईल काय? कायद्याचेही बघ. बौद्धांनाही लागू असलेल्या 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात संसर्गजन्य गुप्तरोग हे घटस्फोटाचे एक कारण आहे. तिने नकार दिला तर तो तिचा अधिकार आहे, तो मान्य कर. तिने होकार दिला तर तुमचा संसार विश्वासावर उभा राहील. असा रोग असूनही सुखाने नांदणारी, निरोगी मुले झालेली असंख्य जोडपी जगात आहेत.

पण त्याला सत्य सांगायला लावून समाजाने हात झटकायचे, हे आम्हाला मान्य नाही. तो गप्प आहे तो कशामुळे? आपल्याच वस्तीच्या जिभेच्या भयाने! तिने नकार दिला आणि गोष्ट फुटली तर उद्या त्याच्या घरचा चहा कोणी पिणार नाही, बहिणीचे लग्न अडेल. हजारो वर्षे विटाळाच्या नावाखाली ज्यांना पाणवठ्यावरून हाकलले गेले, त्यांनीच एका विषाणूवरून आपल्या माणसाला बहिष्कृत करावे? रोग हा रोग आहे, विटाळ नव्हे. सत्य बोलणाऱ्याला वाळीत टाकणारी वस्ती स्वतःच्या हाताने रोग पसरवते, कारण दुसऱ्या दिवसापासून कोणीच सत्य बोलत नाही.

या भयाची सर्वांत मोठी किंमत स्त्री मोजते. नवऱ्याने लपवलेला रोग तिच्या अंगावर फुटतो आणि बदफैली ठरते तीच. मार खाऊन माहेरी जाते तीच. हा विषाणू कित्येक वर्षे गुपचूप राहू शकतो. ज्याला आधी फोड आले त्यानेच रोग आणला, असे म्हणता येत नाही. रक्ताच्या तपासणीवरूनही लागण केव्हा आणि कोणाकडून झाली ते कळत नाही. तेव्हा कोणत्याही घरात, कोणत्याही बैठकीत त्या कागदावरून स्त्रीच्या चारित्र्याचा निवाडा होता कामा नये.

आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे. विहारात, वसतिगृहांत, महिला मंडळांत एखादा रविवार या विषयासाठी ठेवा, डॉक्टरांना बोलवा. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता मागवा. आमच्या या वाचकाला पत्राखाली आपले नाव लिहिण्याचा धीर झाला नाही. त्यात त्याची लाज थोडी आहे, आपली जास्त आहे.