बायपासनंतरची हुडहुडी: औषध आहे, पण घाईला उतारा नाही

शेंदूरजनाघाटच्या रुग्णाला बायपाससाठी अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते. पूर्वी अशा घरात पहिला प्रश्न पैशांचा असे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत अमरावती जिल्हा होता. आज हीच योजना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २०२३ मध्ये सरकारने तिचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून ५ लाख रुपयांवर नेऊन ते पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्वांना देण्याचा निर्णय घेतला. शस्त्रक्रियेचा खर्च निघू लागल्यावर पुढचा प्रश्न तिच्या दर्जाचा आहे. आणि तो दर्जा ज्या बारीक गोष्टींवर ठरतो, त्यांतली एक म्हणजे रुग्णाला पुन्हा ऊब देण्याची पद्धत.

हृदय थांबवून बायपास करताना रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवले जाते. त्या वेळी अनेकदा शरीर २८ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात. थंड शरीराला प्राणवायू कमी लागतो, त्यामुळे मेंदू आणि मूत्रपिंडे सुरक्षित राहतात. काम संपत आले की मशीनमधूनच रक्त तापवले जाते. अडचण इथे येते. मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांना भरपूर रक्त मिळते, म्हणून ती लवकर गरम होतात. हातपाय, स्नायू आणि त्वचेतल्या रक्तवाहिन्या मात्र थंडीने आकसलेल्या असतात. पडद्यावर ३७ अंश दिसतात, पण पाय गारच असतात. मशीन बंद झाले की आतली ऊब या थंड भागांकडे ओढली जाते आणि तापमान पुन्हा उतरते. आयसीयूत रुग्ण हुडहुडतो. त्या थरथरीने प्राणवायूची गरज वाढते आणि नुकत्याच शिवलेल्या हृदयावर ताण येतो. गारठलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही, त्यामुळे रक्तस्रावाचा धोकाही वाढतो.

यावरचा एक उपाय म्हणजे ऊब देतानाच रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध देणे. नोबॅक आणि टिंकर या भूलतज्ज्ञांनी १९८० मध्ये सोडियम नायट्रोप्रुसाइडचा असा वापर मांडला. नायट्रोग्लिसरीनही यासाठी वापरतात. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी याच कुळातली. वाहिन्या उघडल्या की गरम रक्त हातापायांपर्यंत पोचते आणि नंतरची घसरण कमी होते.

वरुड भागातल्या संत्रा बागायतदाराला यातला धोका चटकन कळेल. ठिबकच्या सगळ्या नळ्या एकदम उघडल्या आणि पंपाचा जोर तोच राहिला, तर मुख्य पाइपातला दाब पडतो. शरीरातही तसेच होते. औषधाने रक्तदाब उतरला आणि मशीनचा प्रवाह वाढवला नाही, तर मेंदूला आणि मूत्रपिंडांना रक्त कमी पडू शकते. नायट्रोप्रुसाइडची मात्रा फार झाली तर शरीरात सायनाइड साठण्याचा धोकाही असतो. म्हणून हे औषध सरसकट सर्वांना देण्याचे नाही. रुग्णाचा दाब, मूत्रपिंडांची स्थिती आणि मशीनचा प्रवाह पाहून भूलतज्ज्ञाने आणि मशीन चालवणाऱ्या परफ्युजनिस्टने मिळून ते ठरवायचे असते.

मुख्य म्हणजे, औषध घाईची भरपाई करत नाही. अमेरिकेतील तज्ज्ञ संघटनांच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मशीनमधून शरीरात जाणारे रक्त ३७ अंशांपेक्षा कमी ठेवावे, कारण मेंदू जास्त तापला तर इजा होऊ शकते. ३० अंशांच्या पुढे तापवण्याचा वेग मिनिटाला अर्ध्या अंशाहून जास्त नसावा. म्हणजे ३० वरून ३७ अंशांकडे जायला किमान १४ मिनिटे हवीत, आणि हातपाय गरम व्हायला त्याहून अधिक. जोडीला गरम हवेची चादर किंवा उबदार गादीही उपयोगी पडते.

एका दिवशी जास्त शस्त्रक्रिया बसवायच्या असतील, तर कात्री आधी याच मिनिटांना लागू शकते. योजनेचे पॅकेज शस्त्रक्रियेमागे ठरते, सावकाश दिलेल्या उबेचे वेगळे पैसे त्यात नसतात. शस्त्रक्रियेच्या तापमानाची नोंद मात्र ठेवता येते. योजनेतल्या रुग्णालयांची तपासणी करताना मशीन बंद करतेवेळचे आणि आयसीयूत पोचल्यावरचे तापमान पाहिले, तर सरकारला दर्जाचा एक स्वस्त आणि खरा निकष मिळेल.

नातेवाइकांनीही शस्त्रक्रियेआधी दोन प्रश्न जरूर विचारावेत. ऑपरेशन हृदय थांबवून होणार की धडधडत्या हृदयावर? भारतात दुसरी पद्धत बरीच वापरली जाते. तिच्यात मशीनने थंड-गरम करणे नसते, तरी रुग्णाला उबदार ठेवावेच लागते. दुसरा प्रश्न, रुग्णाला ऊब कशी देणार आणि आयसीयूत तापमानावर लक्ष कसे ठेवणार? मूत्रपिंडाचा जुना त्रास, पूर्वीचा अर्धांगवायूचा झटका आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या भूलतज्ज्ञाला आधीच सांगाव्यात. कोणते औषध द्यायचे हे डॉक्टर ठरवतील, पण त्यांना ते नीट ठरवता यावे यासाठी लागणारी माहिती घरच्यांकडेच असते.